घरातील आरोहण-भिंत : भार, कोन आणि पडणे

आरोहण-भिंत ही कड्यावरील चढाईचा सराव करण्यासाठी उभारलेली कृत्रिम रचना असून तिच्या पृष्ठभागावर ठरावीक अंतराने पाडलेल्या छिद्रांत हातापायांना आधार देणाऱ्या पकडी, म्हणजेच गिर्यारोहकांच्या बोलीतील ‘होल्ड’, बोल्टने बसवलेल्या असतात. सार्वजनिक क्रीडासंकुलांतील अशा भिंती दहा-पंधरा मीटर उंच असतात आणि त्यांवर दोराच्या संरक्षणात चढले जाते. घरातल्या भिंतीची उंची मात्र छतानेच ठरवून दिलेली असल्यामुळे तेथे दोराचा उपयोग होत नाही, चढणारा जमिनीपासून फार वर जात नाही आणि बहुतेक प्रयत्नांचा शेवट खाली अंथरलेल्या गादीवर पडण्यात होतो. दोराविना, कमी उंचीवर, मोजक्या पण अवघड हालचालींच्या या चढाईला बोल्डरिंग म्हणतात. चढणारा दहा वेळा चढला तर आठ वेळा पडणार हे गृहीत धरूनच अशा भिंतीचा आराखडा करावा लागतो, आणि जागेची निवड, कोन, सांगाडा व गादी यांविषयीचे जवळजवळ सगळे निर्णय या एका गृहीतकातून निघतात.

अशा भिंतीसाठी येथे उदाहरण म्हणून घेतलेले, भिवंडी-कल्याण रस्त्यावरचे टेमघर (मुळशी तालुक्यातील त्याच नावाच्या धरणाशी याचा संबंध नाही) महानगरातल्या लोकांना ठाऊक आहे ते पाण्यामुळे. उल्हास नदीचे पाणी शहाड येथे उचलून टेमघरच्या केंद्रात शुद्ध केले जाते आणि शहाड व टेमघर या दोन नावांवरून ‘स्टेम’ म्हणून ओळखले जाणारे प्राधिकरण ते ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदरकडे पोचवते. गिर्यारोहणाच्या दृष्टीने पाहिले तर या ठिकाणाला कड्यांची वाण नाही. दक्षिणेस मुंब्र्याचा डोंगर आहे, पश्चिमेस बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेण्यांच्या परिसरात बोल्डरिंगचे जुने दगड आहेत, आणि ईशान्येस आसनगावजवळचा माहुली तर वजीर, नवरा, नवरी अशा सुळक्यांसाठी साऱ्या महाराष्ट्रातील प्रस्तरारोहकांना परिचित आहे. असे असताना घरात भिंत कशाला, हा प्रश्न रास्त ठरतो. त्याचे एक उत्तर पावसात आहे, कारण जूनपासून सप्टेंबरपर्यंत कातळावर शेवाळ धरते, पाणी झिरपते, सैल दगड सुटतात आणि चढाई बंद पडते. मार्चनंतरच्या उन्हात काळा दगड दुपारी हात लावू देत नाही. दुसरे उत्तर खडकाच्या घडणीत आहे.

सह्याद्रीचा खडक बसाल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून उसळलेल्या लाव्ह्याचे एकावर एक थंड झालेले थर होत. यांतील घन बसाल्टचा थर कठीण असतो व त्यातून सरळ कडा तयार होतो, तर वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र झालेला आणि नंतर त्या पोकळ्यांत खनिजे भरून राहिलेला कुहरी बसाल्ट लवकर झिजतो व त्यातून उतार किंवा कपारी तयार होतात; म्हणूनच सह्याद्रीची डोंगररांग लांबून पायऱ्यापायऱ्यांची दिसते. अशा कड्यावर चढणाऱ्याला उंचीची भीती पेलणे, भेगा ओळखणे, मेखा ठोकणे आणि सैल दगडाचा अंदाज घेणे ही कौशल्ये लागतात, आणि महाराष्ट्रातील प्रस्तरारोहणाची परंपरा प्रामुख्याने याच कौशल्यांवर वाढली. सलग पुढे झुकलेला, तरीही भक्कम असा कातळ, ज्यावर बोटांची ताकद कसाला लागते, येथे तुलनेने कमी मिळतो. आधुनिक क्रीडा-आरोहण मात्र नेमके त्याच झुकावावर उभे आहे.

हा झुकाव घरात आणि व्यायामशाळेत कसा शिरला याचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात डॉन रॉबिन्सन या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकाने १९६४ मध्ये एका मार्गिकेच्या भिंतीत दगड बसवून चढण्याची सोय केली, आणि त्यानंतर ब्रिटनमधील अनेक भिंती याच धर्तीवर झाल्या. त्या उभ्या होत्या आणि त्यांतील दगड कायमचे होते, त्यामुळे काही महिन्यांत सगळे मार्ग पाठ होत. पुढे छिद्रांत बोल्टने बसणाऱ्या सुट्या पकडी आल्या आणि भिंत बदलती झाली. जर्मनीतील वोल्फगांग ग्युलिखने १९८८ च्या सुमारास न्यूरेंबर्गमधील एका व्यायामशाळेत आडव्या लाकडी पट्ट्यांची झुकती फळी लावून, पाय न टेकता केवळ बोटांनी वर उसळण्याचा सराव सुरू केला. ‘कॅम्पस बोर्ड’ हे नाव त्या व्यायामशाळेवरूनच पडले. शेफील्डच्या बेन मूनने पुढे आपल्या सरावखोलीतील झुकत्या फळीचे प्रमाणित रूप तयार केले, ते ‘मूनबोर्ड’: ४० अंशांचा कोन, ११ उभ्या व १८ आडव्या ओळी, म्हणजे १९८ छिद्रे. प्रत्येक पकडीची जागा आणि दिशा ठरलेली असल्यामुळे जपानमधील खोलीत कोणी रचलेला मार्ग कल्याणच्या खोलीत जसाच्या तसा चढता येतो, ही त्यामागील खरी युक्ती.

महाराष्ट्रातही या बदलाची खूण स्पष्ट दिसते. १९५४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या गिरिविहार संस्थेने बेलापूरच्या नैसर्गिक खडकांवर स्पर्धा भरवण्याचा पायंडा पाडला, आणि २०१६ व २०१७ या लागोपाठच्या वर्षांत नवी मुंबईत बोल्डरिंगच्या विश्वचषक मालिकेतील स्पर्धा झाल्या, ज्या अर्थातच खडकावर न होता उभारलेल्या भिंतींवर झाल्या. २०२१ मध्ये भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच आला, तेव्हापासून ‘चढायला डोंगर असताना फळी कशाला’ हा आक्षेप ज्येष्ठ गिर्यारोहकही पूर्वीइतक्या जोराने घेत नाहीत.

बांधणीचा विचार जागेपासून सुरू होतो आणि भिवंडी परिसरात हा भाग सर्वांत नाजूक आहे. येथे प्रामुख्याने तीन प्रकारच्या वास्तू आढळतात: सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीतील सदनिका, यंत्रमागाचे जुने कारखाने, आणि लोखंडी सांगाड्याची नवी गोदामे. सदनिकेच्या जमिनीवर किती भार चालतो याचे मार्गदर्शन भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात आहे. निवासी खोलीसाठी तेथे प्रतिचौरस मीटर २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो, इतका वापरभार धरला जातो. आठ फूट रुंद भिंतीला लागणारे प्लायवूड, पोलादी सांगाडा, पकडी आणि गाद्या यांचे वजन सहज ३०० ते ४०० किलोपर्यंत जाते. ते सारे खोलीभर पसरले तर चिंता नसते, परंतु ते दोन पायांवर एकवटले आणि त्यात झोके घेणाऱ्या माणसाचा क्षणिक भार मिळाला, जो त्याच्या वजनाच्या दुपटीहूनही अधिक असू शकतो, तर हिशेब बदलतो. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधील आणि एप्रिल २०२३ मध्ये वळपाडा येथील इमारत कोसळून अनेकांचे प्राण गेले आहेत. जेथे इमारतींचा असा इतिहास आहे, तेथे वरच्या मजल्यावर सांगाडा उभारण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा लेखी सल्ला घेणे याला पर्याय नाही, आणि इमारत जुनी असेल तर तळमजल्याशिवाय अन्य जागेचा विचारच न केलेला बरा. शिवाय वरच्या मजल्यावर पडण्याचा प्रत्येक आवाज खालच्या घरात धडकतो, ही बाब अभियांत्रिकीची नसली तरी सोसायटीच्या बैठकीत तीच प्रथम निघते.

यंत्रमागाच्या कारखान्याची उंची मोहात पाडणारी असते. माग विकून रिकामे झालेले असे कारखाने भिवंडीत अनेक आहेत आणि त्यांची पत्र्याची छपरे कैच्यांवर, म्हणजे त्रिकोणी चौकटींवर, तोललेली असतात. या कैच्या पत्र्याचे वजन आणि वाऱ्याचा दाब यांच्याच हिशेबाने केलेल्या असतात, त्यामुळे त्यांना भिंतीचे वरचे टोक टांगणे किंवा दोर बांधणे सर्वथा चुकीचे होय. हीच गोष्ट खोल्या विभागणाऱ्या चार इंची विटांच्या आणि हलक्या ब्लॉकच्या भिंतींची. त्यांत ठोकलेला अँकर बोल्ट सरळ खालचा भार काही काळ झेलतो, पण बाहेर खेचणारा भार आला की प्लास्टरसह निखळतो. काँक्रीटचे खांब आणि तुळया हा भार घेऊ शकतात, तरीही त्यांना भोक पाडताना आतील सळई कापली जाण्याचा धोका राहतोच. या सर्व कारणांनी घराच्या कोणत्याही भागाला न खेचता स्वतःच्या पायांवर उभा राहणारा स्वतंत्र सांगाडा हा उत्तम पर्याय ठरतो.

असा सांगाडा करणारे हात टेमघरच्या आसपास मुबलक आहेत, कारण गोदामांच्या उभारणीमुळे या पट्ट्यात फॅब्रिकेशनची दुकाने गल्लोगल्ली झाली आहेत. युरोप-अमेरिकेतील मार्गदर्शिका सरसकट लाकडी चौकट सांगतात. तेथे स्वस्त व सरळ पाइन मिळतो. येथे त्याच सूचना डोळे झाकून पाळण्यात अर्थ नाही, कारण चांगले सुकलेले, पीळ न घेणारे लाकूड वखारीत महाग पडते आणि वाळवीचा घोर कायम राहतो. ५० मिलिमीटर चौकोनी, सुमारे ३ मिलिमीटर जाडीचा पोलादी पाइप मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास भरतो आणि त्याचा सांगाडा दोन माणसे दोन-तीन दिवसांत उभा करू शकतात. रचना बाजूने पाहता त्रिकोणी असते: जमिनीवर आडवी पट्टी, तिच्या मागच्या टोकातून पुढे झुकत वर जाणारी तुळई, आणि झुकलेल्या तुळईच्या वरच्या टोकापासून सरळ खाली जमिनीवरच्या पट्टीवर उतरणारा पुढचा खांब. हा पुढचा खांब पडण्याच्या जागेच्या कडेला येतो म्हणून त्याला फोम गुंडाळणे अनिवार्य असते. त्याला टाळून केवळ मागून ताण देण्याचा प्रयत्न केला तर मागे तितकेच जड वजन किंवा पक्का पाया लागतो. डावी-उजवीकडची डोलणी थांबवण्यासाठी मागच्या बाजूला कर्णरेषेत एक पट्टी जोडावी लागते आणि नवशिके नेमकी हीच विसरतात, कारण रिकामी भिंत तिच्याशिवायही ताठ उभी दिसते.

कोन ठरवताना इच्छेपेक्षा छताला मान द्यावा लागतो. आपल्याकडील खोलीची उंची सामान्यतः साडेनऊ ते दहा फूट असते. आठ फूट लांबीचा पृष्ठभाग उभ्या रेषेपासून ३० अंश झुकवला तर तो उंचीत सुमारे ७ फूट आणि खोलीच्या आत ४ फूट जागा घेतो. ४० अंशांवर हेच आकडे साधारण ६.१ आणि ५.१ फूट होतात. खाली पाय टेकण्यासाठी फूटभर उंचीची उभी पट्टी ठेवावी लागते, कारण तिच्याविना झुकत्या भिंतीवर बसून सुरुवात करता येत नाही. दहा फुटी खोलीत पट्टीसह आठ-साडेआठ फुटांची ३० अंशी भिंत आणि वर हात हलवण्यापुरती मोकळीक असा मेळ नीट बसतो. पूर्ण मूनबोर्डचा झुकता भाग बारा फूट लांब आणि पट्टीसह त्याची उंची ३.१५ मीटर असल्यामुळे तो बहुतेक सदनिकांत मावत नाही. अनेक उत्साही लोक पहिल्याच भिंतीला ४५ अंशांचा कोन देतात आणि मग घरातील दुसरे कोणीही तिच्यावर दोन हालचालींपेक्षा जास्त टिकत नाही. कुटुंबासाठी २० ते २५ अंशांची भिंत अधिक काळ वापरात राहते, असे साधारणपणे म्हणता येईल.

पृष्ठभागासाठी १८ मिलिमीटर जाडीचे, आठ बाय चारचे प्लायवूड वापरतात. दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ या एका शब्दात सारे गुंडाळतो, परंतु भारतीय मानक ३०३ सर्वसाधारण वापराच्या, ७१० मरीन आणि १०७०१ संरचनात्मक प्लायवूडसाठी आहे, आणि फळीवर उमटवलेला क्रमांक पाहूनच खरेदी करणे श्रेयस्कर. कोकणपट्टीची दमट हवा पाहता ७१० क्रमांकाचा माल महाग असला तरी टिकतो. आधाराच्या पाइपांमधील अंतर ४० सेंटिमीटर ठेवले आणि छिद्रांची पहिली ओळ कडेपासून १० सेंटिमीटरवर घेऊन पुढे २०-२० सेंटिमीटरवर छिद्रे पाडली, तर एकही छिद्र पाइपवर येत नाही. हा हिशेब कागदावर आधी केला नाही तर फळी चढवल्यावर काही छिद्रे कायमची निकामी होतात. प्रत्येक छिद्रात मागच्या बाजूने टी-नट ठोकतात. टी-नट म्हणजे आतून आटे असलेली नळी आणि लाकडात रुतणाऱ्या दातांची चकती; पुढून येणारा बोल्ट तिच्यात बसतो आणि पकड फळीवर आवळली जाते. जगात यासाठी दोन मापे चालतात, १० मिलिमीटरचे मेट्रिक आणि हार्डवेअरच्या दुकानात ज्याला ‘तीन सूत’ म्हणतात ते अमेरिकी तीन-अष्टमांश इंचाचे. डोळ्यांना ती सारखी वाटली तरी त्यांचे आटे एकमेकांत बसत नाहीत आणि जबरदस्ती केल्यास टी-नट जागीच फिरू लागतो. फिरणारा टी-नट मागूनच काढावा लागतो, म्हणून घराची भिंत आणि सांगाडा यांच्यात माणूस आडवा शिरेल इतकी, निदान दीड फुटाची वाट ठेवावी.

पकडींचे प्रकार त्यांच्या आकारावरून ओळखले जातात: पूर्ण मूठ बसणारी ती जग, बोटांच्या टोकांपुरती बारीक कड ती क्रिंप, कडच नसलेला गोल फुगवटा तो स्लोपर, आणि अंगठा व बोटे यांच्या चिमटीत धरायची ती पिंच. बाजारातल्या पकडी पॉलियुरेथेन किंवा पॉलिस्टर रेझिनच्या असतात, पैकी पहिल्या हलक्या व चिवट, दुसऱ्या ठिसूळ. सुताराकडील सागवानाचे किंवा बाभळीचे उरलेले ठोकळे कडा गोल करून वापरले तर ते बोटांच्या त्वचेला रेझिनपेक्षा पुष्कळ सौम्य पडतात आणि नवशिक्याने याच मार्गाने सुरुवात करणे शहाणपणाचे आहे. मात्र लाकडी पकड एकाच बोल्टवर ठेवली तर ती फिरते. बाजूने एक स्क्रू हवाच.

आता पडण्याविषयी. झुकत्या भिंतीच्या वरच्या टोकावरून सुटलेल्या माणसाचे शरीर बहुधा पाठीच्या बाजूने खाली येते, आणि त्याचा गुरुत्वमध्य १.८ मीटर खाली आला तर जमिनीला भिडताना वेग सेकंदाला सुमारे ६ मीटर, म्हणजे ताशी २१ किलोमीटर असतो. हा वेग शून्यावर आणताना शरीरावर येणारे बल थांबण्याच्या अंतरावर अवलंबून असते: गादी २० सेंटिमीटर दबली तर सरासरी बल वजनाच्या दहापट होते, आणि ५ सेंटिमीटरच दबली तर ते ३७ पटीवर जाते. म्हणूनच घरातील कापसाची गादी येथे उपयोगाची नाही. ती पहिल्या काही आघातांत दबून घट्ट होते आणि पुन्हा फुगत नाही. साधारण ३० सेंटिमीटर जाडीत खाली मऊ, हवा सोडणारा पीयू फोम आणि वर घट्ट थर अशी रचना योग्य ठरते. घट्ट थरामुळे पाय एकाच जागी रुतत नाही आणि भार खालच्या थरावर पसरतो. फोमचे तुकडे दाबून केलेला रिबॉन्डेड फोम वरच्या थरासाठी गादीवाल्यांकडे सहज मिळतो. दोन गाद्यांच्या मधली फट घोटा मुरगळण्याचे ठरलेले ठिकाण असते, त्यामुळे वरून सलग ताडपत्रीचे किंवा कॅनव्हासचे आवरण घालून त्या एकत्र बांधाव्यात. गादीचा विस्तार भिंतीच्या वरच्या कडेच्या पुढे आणखी चार-पाच फूट असावा लागतो, आणि खर्चाचा अंदाज बांधताना भिंतीइतकीच रक्कम या गादीसाठी बाजूला ठेवावी लागते. पकडींवर हौसेने खर्च करून गादीसाठी काटकसर करणे ही घरगुती भिंतींची सर्वांत सामान्य आणि सर्वांत महागात पडणारी चूक होय.

भिंत तयार झाल्यावर खरा संयम बोटांचा लागतो. बोटांच्या आत त्यांना वाकवणारे स्नायू नसतात. ते कोपराखाली असतात आणि त्यांचे कंडरे लहान तंतुमय कड्यांतून बोटांपर्यंत जातात. क्रिंप धरताना या कड्यांवर, विशेषतः बोटाच्या मुळाजवळच्या कड्यावर, फार ताण येतो. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, कंडरे आणि कडी यांना कित्येक महिने लागतात, आणि पहिल्या पावसाळ्यातल्या दुखापती बहुधा या दोन वेगांतील तफावतीतून होतात. मुलांच्या बाबतीत धोका निराळा आहे, कारण वाढीच्या वयात बोटांच्या हाडांतील वाढपट्टी मऊ असते आणि वारंवारच्या ताणाने तिला तडा जातो. कॅम्पस बोर्डसारखा सराव त्यांच्यासाठी वर्ज्यच मानावा. मोठ्या पकडींवर माकडउड्या मारणाऱ्या मुलांना याची गरजही नसते. मल्लखांब येणाऱ्या मुलांचे हात पकडीला तयार असले, तरी त्यांची बोटे तयार आहेत असे समजू नये.

फळीवरचा सराव कड्यावर सगळाच कामी येत नाही. घरातील पकड बोल्टने आवळलेली असल्यामुळे ती निघून येईल का हा विचार चढणारा करत नाही, पण माहुलीच्या सुळक्यावर प्रत्येक दगड ठोकून, पोकळ आवाज येतो का हे ऐकून मगच त्यावर भार टाकावा लागतो. पाय ठेवण्याची बारीक समजही झुकत्या फळीपेक्षा उतरत्या कातळावर अधिक येते. बोटांची ताकद, कमरेचा वळसा आणि पडण्याची भीती जाणे एवढे मात्र फळी निश्चित देते.

देखभालीचा मुख्य हंगाम पावसाळा आहे. पोलादाच्या जोडांवर वेल्डिंगनंतर लगेच रेड ऑक्साइड आणि त्यावर रंगाचा हात दिला नाही तर पहिल्याच जुलैत गंज धरतो. फळीच्या कापलेल्या कडा आणि छिद्रांच्या आतील उघडे थर ओल शोषतात, म्हणून टी-नट ठोकण्यापूर्वी तेथे वार्निश फिरवून घ्यावे. हाताचा घाम शोषणारी मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड, जिला सारे ‘चॉक’ म्हणतात, दमट हवेत पकडींवर लगदा होऊन बसते आणि घर्षण वाढण्याऐवजी घटते. ताठ केसांच्या ब्रशने ती दर आठवड्याला झाडावी आणि पकडी दोन-तीन महिन्यांनी काढून धुवाव्यात. तळमजल्यावर गाद्यांना खालून ओल लागते, त्यामुळे वापर नसताना त्या उभ्या करून ठेवाव्यात. लाकूड हवामानानुसार फुगते आणि आकसते, साहजिकच जूनमध्ये घट्ट असलेले बोल्ट ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत सैल होतात. तेव्हा आठ मिलिमीटरची अ‍ॅलन की घेऊन एकूण एक बोल्ट तपासावा, सांगाड्याच्या जोडांवर तडे दिसतात का ते पाहावे, आणि फळीचे थर सुटू लागले असतील तर रंग देऊन झाकण्याऐवजी ती फळी सरळ बदलावी.